काठी, रीळ आणि तंगूस

(खाऱ्या पाण्यात गरी टाकणाऱ्यांसाठी धडा)

मंडळी, आज आपण गरीच्या सामानाविषयी वाचणार आहोत. तुम्ही म्हणाल, गुरुजींना मासेमारीतले काय कळते? खरे आहे. आमचा जन्म खडू आणि फळा यांत गेला. पण आमची शाळा खाडीच्या काठावर होती. शाळा सुटली की आमची मुले पाटी ठेवत आणि गरी उचलत. चाळीस वर्षे पाहून पाहून थोडे आम्हीही शिकलो. काही मुलांकडून शिकलो, काही म्हाताऱ्या माणसांकडून शिकलो. राहिलेले वाचून शिकलो.

रापण कशी ओढावी, पाग कसा फेकावा, हे आम्ही तुम्हाला सांगणार नाही. ते तुम्हीच आम्हाला शिकवाल. पण आता बाजारात काठ्या आल्या, रिळे आली, दहा तऱ्हेचे दोर आले. त्यांवर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेले असते. जो वाचतो त्याचे पैसे वाचतात. कसे, ते आधी ऐका.

एक मोडलेली काठी

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक गडी येतो. वय चाळिशीचे. लहानपणी दुसरीतून शाळा सुटली, तीही आमच्याच शाळेतून. दिवसा चिऱ्यांच्या खाणीवर काम करतो. संध्याकाळी खडपावर गरी घेऊन बसतो. ही नुसती हौस नव्हे. घरात सहा तोंडे. मासा मिळाला तर कालवण, नाही मिळाला तर पेज आणि लोणचे.

ह्या गड्याने दोन हजार रुपये साठवले. तालुक्याला गेला आणि चकचकीत काठी, रीळ घेऊन आला. गावभर मिरवली. आठव्या दिवशी काठी मोडली. तो ती घेऊन वर्गात आला आणि बाकावर आपटून म्हणाला,

"गुरुजी, दुकानदारान फसवल्यान माका!"

आम्ही म्हणालो, "बाबा रे, काठीवर काही लिहिलेले आहे. ते वाचलेस का?"

"ता इंग्रजी हा. माका खंय येता?"

"आकडे तर येतात ना? ये दिव्याखाली."

त्याने काठी दिव्याखाली धरली. बोट ठेवून वाचू लागला, "चार... मगे आडवी रेघ... आठ." पुढे दोन इंग्रजी अक्षरे होती, एल आणि बी. ती आम्ही सांगितली. एलबी म्हणजे पौंड, म्हणजेच जुन्या माणसांचा रत्तल. एक रत्तल म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम, अर्ध्या किलोला थोडा कमी.

अर्थ असा झाला, की ती काठी चार ते आठ रत्तल ताकदीच्या दोरासाठी होती. तळ्यातल्या, नदीतल्या लहान माशांची ती काठी. आमच्या गड्याने तिच्यावर तीस रत्तलांचा दोर भरला होता आणि रिळाचा ब्रेक गच्च आवळला होता. खडपात मोठी तांबोशी लागली. दोर तुटेना, ब्रेक सुटेना. मग मोडायला उरली कोण? काठी.

गडी बराच वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे लिवलेला होता, गुरुजी. मी वाचूक नाय."

दुकानदाराने विचारले नाही, ह्याने सांगितले नाही. काठीने सांगितले होते, पण तिची भाषा कोणी वाचली नाही. मंडळी, ह्या एका वाक्यासाठी आम्ही हा धडा लिहीत आहोत.

आधी जागा, मग दुकान

सामान घेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. मी कुठे उभा राहणार? कोणता मासा धरणार? तळाला काय आहे?

खाडीत पाणी बहुधा शांत असते. कांदळवनाच्या कडेने शेंगटी, तांबोशी, जिताडा हे मासे मिळतात. जागा अडचणीची, वर फांद्या. तिथे लांब काठी अडकते. सहा ते सात फुटांची काठी पुरे.

पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, लाटा फुटतात त्यांच्या पलीकडे गरी पडावी लागते. तिथे लांब काठी हवी. नऊ ते अकरा फूट. लांब काठीने गरी लांब जाते आणि दोर लाटांच्या वर उचलून धरता येतो.

खडपावर आठ ते दहा फूट ठीक. खडपाची मोठी अडचण दुसरीच आहे. कातळाला कालवे चिकटलेली असतात. त्यांची धार सुरीसारखी. ताणलेला दोर त्यांना घासला की संपला. म्हणून खडपावर दोराचे शेवटचे टोक जाड लागते. ते पुढे सांगू.

होडीत लांब काठीचे काम नाही. होडीत गरी खाली सोडायची असते, लांब फेकायची नसते. साडेपाच ते सात फुटांची, पण दणकट काठी घ्यावी.

एकच काठी सगळीकडे चालेल असे कोणी सांगितले तर हसून पुढे जा. पण दोन काठ्या घेण्याची ऐपत नसेल, तर ज्या जागी महिन्यातून जास्त वेळा जाता त्या जागेची काठी घ्या. अंथरूण पाहून पाय पसरावे.

काठी

पूर्वी गरीची काठी बांबूची असे. अजूनही चांगला पिकलेला, सरळ, बारीक बांबू खाडीतल्या लहान माशांना पुरतो. त्याला पैसे पडत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर काचेच्या तंतूंच्या काठ्या निघाल्या. त्यांना फायबरच्या काठ्या म्हणतात. १९७० नंतरच्या दशकात कार्बनच्या काठ्या आल्या.

फायबरची काठी जड असते, पण मार सोसते. होडीत आपटली, कातळावर पडली, तरी सहसा टिकते. किंमतही कमी. कार्बनची काठी हलकी आणि ताठ असते. माशाने आमिषाला नुसते तोंड लावले तरी हाताला कळते. पण ती ठिसूळ असते. कातळावर आपटून तिला बारीक चीर गेली, तर ती त्या दिवशी मोडत नाही. पुढे मासा लागला की मोडते. नव्या माणसाने पहिली काठी फायबरची, किंवा फायबर आणि कार्बन यांच्या मिश्रणाची घ्यावी, असे आमचे मत आहे.

काठीवर, मुठीच्या थोडे वर, चार गोष्टी लिहिलेल्या असतात. त्या एकेक वाचू.

पहिली गोष्ट लांबी. ती फुटांत किंवा मीटरमध्ये असते. २.१० मीटर म्हणजे सुमारे ७ फूट. २.४० मीटर म्हणजे सुमारे ८ फूट. २.७० मीटर म्हणजे सुमारे ९ फूट.

दुसरी गोष्ट ताकद. ती बहुधा इंग्रजी अक्षरांत असते. एल म्हणजे हलकी. एम म्हणजे मध्यम. एच म्हणजे भारी. एम आणि एच जोडून असतील तर मध्यम आणि भारी यांच्या मधली. खडपावर आणि पुळणीवर मध्यम, किंवा मध्यम-भारी काठी घ्यावी.

तिसरी गोष्ट दोराची ताकद. ती रत्तलांत किंवा किलोत असते. १० ते २० रत्तल असे लिहिले असेल, तर त्या काठीला साडेचार ते नऊ किलो ताकदीचा दोर चालतो. त्याहून जाड दोर भरला की आमच्या गड्यासारखी गत.

चौथी गोष्ट फेकायचे वजन. ते ग्रॅममध्ये असते. २० ते ६० ग्रॅम लिहिले असेल, तर शिसे आणि आमिष मिळून तेवढे वजन त्या काठीने नीट फेकले जाते. ६० ग्रॅम म्हणजे जुने पाच तोळे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ फार असते. हलके शिसे वाहून जाते, जड लावावे लागते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला, हलके शिसे चालते. तुम्ही उधाणाला किती वजनाचे शिसे लावता ते आठवा आणि तेवढे वजन पेलणारी काठी घ्या.

आकडे इंग्रजी वळणाचे असतात, त्याला घाबरू नका. आपल्या वर्गात शिकलेल्या आकड्यांचाच तो दुसरा वेष आहे. नोटेवर तेच आकडे असतात आणि नोट तुम्ही कधी चुकत नाही.

आता काठी हातात घ्या. कड्या तपासा. कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तर कडीला चीर आहे. ती दोर कापणार. काठी घेऊ नका. रीळ बसवायची जागा हलवून पाहा. रीळ बसवल्यावर ते डगमगता कामा नये. काठी दोन तुकड्यांची असेल तर जोड घट्ट बसतो का ते बघा. घरी आल्यावर जोडाला मेणबत्ती घासावी. काम झाले की जोड रोज सोडवावा. नाहीतर मीठ बसून तो असा चिकटतो, की दोन माणसांनी ओढला तरी सुटत नाही.

रीळ

रीळ दोन जातींचे असते. एका जातीत दोराची फिरकी जागीच राहते आणि एक तारेची कमान फिरून दोर गुंडाळते. हे रीळ काठीच्या खाली लोंबते. शिकायला सोपे. दुसऱ्या जातीत फिरकी स्वतः फिरते. हे काठीच्या वर बसते. जड माशाला, होडीवरून ओढायला ते चांगले. पण फेकताना फिरकी अंगठ्याने आवरावी लागते. अंगठा चुकला की दोराचे घरटे होते. किनाऱ्यावरून गरी टाकणाऱ्या नव्या माणसाने पहिल्या जातीचे रीळ घ्यावे.

रिळावर एक मोठा आकडा असतो. २०००, ३०००, ४०००, ५०००. तो रिळाचा आकार समजा. प्रत्येक कारखान्याचा आकार थोडा मागेपुढे असतो, पण अंदाज असा. खाडीला ३०००. खडपाला आणि पुळणीला ४००० ते ५०००. होडीवर मोठ्या माशाला त्याहून मोठे.

फिरकीवर आणखी दोन आकडे असतात. ०.३५ आणि २०० असे असतील, तर ०.३५ मिलिमीटर जाडीचा दोर २०० मीटर मावतो, असा अर्थ. किनाऱ्यावरच्या कामाला २०० मीटर दोर भरपूर.

दुकानदार सांगेल, "ह्यात बारा बेअरिंग आहेत, घ्या." बेअरिंगच्या संख्येला भुलू नका. बाराच्या बारा गंजली तर काय कामाची? चार असोत, पण पाणी आत जाणार नाही अशी झाकलेली असोत. विचारा, "खाऱ्या पाण्याला चालते का?" तसे खोक्यावर लिहिलेले असेल तर वाचून घ्या.

मूठ सावकाश फिरवून पाहा. खरखर लागली तर ठेवून द्या. कमान उघडून मिटून पाहा. कमानीजवळ एक छोटी गुंडी असते. तिच्यावरून दोर सरकतो. ती बोटाने फिरली पाहिजे. ती अडली तर दोर तिथेच झिजतो.

आता ब्रेक. रिळाचा जीव ब्रेकमध्ये आहे. मासा जोरात पळाला, की ब्रेकने दोर थोडा थोडा सोडला पाहिजे. बैल उधळला तर कासरा एकदम आवळून धरत नाही, सोडत सोडत आवरतो. तसेच हे. दुकानात दोर ओढून पाहा. तो एकसारखा सुटला पाहिजे. झटके देत सुटला तर ते रीळ नको.

ब्रेक किती आवळावा? दोराची जी ताकद असेल तिच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर दोर सुटावा. दोर १२ किलोचा असेल तर ३ ते ४ किलोच्या ओढीला सुटावा. मासळी तोलायचा ताणकाटा दोराला अडकवून ओढा. काटा किती दाखवतो ते वाचा आणि त्याप्रमाणे ब्रेक फिरवा. दोन मिनिटांचे काम आहे. आमच्या गड्याने हे केले असते तर काठी आज शाबूत असती.

आणखी एक. मासा दोर ओढत असताना मूठ फिरवू नका. दोर येत तर नाहीच, उलट त्याला पीळ बसतो. मासा पळतो तेव्हा हात थांबवा. तो थांबला की काठी उचला, मग काठी खाली करत मूठ फिरवा.

दोर

पूर्वी गरीला सुताचा, तागाचा, सणाचा दोर असे. तो कुजे, म्हणून रोज वाळवावा लागे. १९३८ साली अमेरिकेत नायलॉन जाहीर झाले आणि हळूहळू सगळीकडे गरीचा दोर बदलला. आपण ज्याला तंगूस म्हणतो तो नायलॉनचा एकेरी दोर. १९९० नंतरच्या काळात विणलेला दोर बाजारात आला. तो फार बारीक तंतू वेणीसारखे विणून करतात.

दोघांचे गुण वेगळे आहेत.

तंगूस स्वस्त. तो ताणला जातो, म्हणून माशाचा झटका सोसतो. खडपाला घासला तरी थोडा वेळ टिकतो. त्याचे दोष असे, की तो पाणी पितो आणि भिजल्यावर थोडा कमजोर होतो. उन्हाने तर फारच लवकर खराब होतो. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेला तंगूस स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

विणलेला दोर महाग. पण तेवढ्याच ताकदीच्या तंगुसाहून पुष्कळ बारीक. म्हणून लांब जातो आणि फिरकीत जास्त मावतो. तो ताणला जात नाही. माशाने तोंड लावले की लगेच कळते. दोष असा, की कालवांना टेकला तर पटकन तुटतो. गाठ सटकते. आणि तो बोट कापतो.

नव्या माणसाने पहिले वर्ष तंगूस वापरावा. ०.४० मिलिमीटर जाडीचा चांगला तंगूस साधारण ८ ते ९ किलोचा असतो. किनाऱ्यावरच्या बहुतेक माशांना तो पुरतो. जाड दोर घेतला म्हणजे मोठा मासा येतो असे नाही. जाड दोर लांब जात नाही, पाण्याची ओढ जास्त घेतो आणि शहाणा मासा त्याला बघून परत फिरतो.

शेवटचे टोक मात्र जाड लावावे. मुख्य दोर ८ किलोचा असेल तर पुढे दोन हात लांबीचा २० किलोचा तंगूस जोडा. कालवे, दात, खवले यांचा घास तो सोसतो. सुरमईसारख्या माशाचे दात वस्तऱ्यासारखे. तिथे वीतभर पोलादी तार लावावी लागते.

दोर फिरकीत भरताना ओल्या फडक्यातून घट्ट ओढून भरावा. काठोकाठ भरू नये. फिरकीच्या काठाखाली २ ते ३ मिलिमीटर जागा ठेवावी. जास्त भरला तर दोराचे वळसे एकदम सुटून गुंता होतो. कमी भरला तर गरी लांब जात नाही. विणलेला दोर गुळगुळीत फिरकीवर घसरतो. म्हणून त्याच्याखाली आधी थोडा तंगूस गुंडाळावा.

गाठ

दोर कितीही चांगला असो, तो बहुधा गाठीत तुटतो. तंगुसाला एक सोपी गाठ अशी. दोराचे टोक गळाच्या भोकातून ओवा. ते टोक मूळ दोराभोवती पाच वेळा गुंडाळा. मग टोक मागे आणून भोकाजवळच्या पहिल्या फटीतून घाला. त्यामुळे जी नवी मोठी फट झाली तिच्यातूनही काढा. आता गाठ थुंकीने ओली करा आणि सावकाश ओढा. कोरडी गाठ झटकन ओढली तर घासून तापते आणि तिथेच तंगूस कमजोर होतो. टोक थोडे ठेवून कापा. मग हाताने जोर लावून पाहा. गाठ तुटायची असेल तर घरी तुटू दे.

पैसे कशावर खर्च करावे

काठी दिसते, म्हणून लोक काठीवर पैसे घालतात. दोर दिसत नाही, म्हणून तो उरल्या पैशात घेतात. हे उलटे आहे. आधी चांगला दोर आणि चांगले गळ. मग चांगले रीळ. मग उरेल त्यात काठी. साध्या काठीने मासा येतो. कुजक्या दोराने आलेला मासाही जातो.

आणि पैसे अजिबात नसतील तर? मग काठी-रिळाशिवाय करा. लाकडाच्या फळीवर किंवा बाटलीवर दोर गुंडाळून हातानेच गरी टाका. आपले वाडवडील तसेच करत आणि अजून पुष्कळ जण करतात. कर्ज काढून काठी घेऊ नये. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असे होऊ नये.

गोड्या पाण्याचे दोन तांबे

समुद्राचे मीठ लोखंड खाते. त्याचा उपाय फुकटचा आहे. घरी आल्यावर जेवायला बसण्याआधी सामान धुवा. रिळाचा ब्रेक आवळा, म्हणजे पाणी आत जाणार नाही. मग काठीवर, कड्यांवर आणि रिळावर हलक्या हाताने गोडे पाणी ओता. दोन तांबे पुरे. रीळ बादलीत बुडवू नका. जोरदार धारही मारू नका, मीठ आणखी आत जाते. फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. वाळल्यावर ब्रेक सैल सोडा. मुठीच्या सांध्याला आणि कमानीच्या गुंडीला अधूनमधून एक थेंब मशीनचे तेल द्या.

दोराचे पुढचे दोन-तीन हात चिमटीतून ओढून पाहा. खरबरीत लागले तेवढे कापून टाका.

जिवाला जपा

मासा आज गेला तर उद्या येईल. पुढच्या चार गोष्टी पाठच करा.

एक, दोर हाताला गुंडाळू नका. मोठा मासा लागला की दोर मांसात रुततो. आमच्या गावचे एक आजोबा डाव्या हाताची करंगळी दाखवत. तिचे वरचे पेर नव्हते. पाकटाने ओढले तेव्हा दोर करंगळीला वेढलेला होता. दोर अडकला तर तो काठीच्या तुकड्याला गुंडाळून ओढा, बोटाला नाही.

दोन, कार्बनच्या काठीतून वीज वाहते. विजेच्या तारांखालून जाताना काठी आडवी धरा, नाहीतर जोड सोडवून न्या. तारांच्या जवळ गरी फेकू नका. ओली असेल तर कोणतीच काठी भरवशाची नाही. आकाशात गडगडू लागले की काठी खाली ठेवा आणि उघड्यावरून निघा.

तीन, खडपावर समुद्राकडे पाठ करू नका. दहा लाटा लहान येतात आणि अकरावी माणूस घेऊन जाते. आधी थोडा वेळ लांबून लाटा पाहा, मग जागा धरा. पावसाळ्यात, उधाणात, खडपावर एकट्याने जाऊ नका.

चार, भरती कधी लागते ते जाण्यापूर्वी बघा. मागची वाट पाण्याखाली जाते, ते पुढे बघत बसलेल्याला कळत नाही.

तुटलेला दोर टाकू नका

तंगूस लवकर कुजत नाही. टाकलेला तुकडा वर्षानुवर्षे तसाच राहतो. त्यात बगळ्याचे पाय अडकतात, घारीचे पंख अडकतात. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास नावाचे गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालायला येतात. २००२ सालापासून तिथे त्यांच्या घरट्यांची राखण होते. एकीकडे गावकरी रात्री जागून अंडी राखतात. दुसरीकडे कोणी टाकलेल्या दोरात कासव अडकून मरते. हे आपल्याला शोभते का? तुटलेला दोर खिशात घाला, घरी आणा, बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका.

गड्याचे पुढे काय झाले?

आमच्या गड्याने ते वर्ष हातगरीवरच काढले. दोर मात्र चांगला घेतला. रोज वर्गात येऊन आकडे वाचायला शिकला, इंग्रजी वळणाचे सुद्धा. रत्तलाचे किलो करायला शिकला. दिवाळीनंतर पुन्हा तालुक्याला गेला. तेव्हा आम्हीही सोबत होतो, पण दाराशीच उभे राहिलो.

दुकानदाराने एक लाल, चकचकीत काठी पुढे केली. गड्याने ती फिरवून आकडे शोधले. बोट ठेवून वाचले. मग म्हणाला, "ही खडपावरची न्हय. दुसरी दाखवा."

दुकानदाराने त्याच्याकडे एकदा नीट पाहिले आणि आतून दुसरी काठी आणली. ती दिसायला साधी होती. गड्याने तिच्या कड्यांतून कापूस फिरवला. खिशात कापूस घेऊनच आला होता! ब्रेक ओढून पाहिला. मग पैसे मोजले.

त्या काठीला आता तिसरे वर्ष चालू आहे. खडपावर कोणी नवी काठी आणली की लोक ती आधी त्याच्याकडे नेतात. "वाचून सांग रे," म्हणतात. तो वाचून दाखवतो. मग म्हणतो, "आता तू वाच."

ध्यानात ठेवा

१. आधी जागा आणि मासा ठरवा, मग सामान घ्या.
२. काठीवरचे आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.
३. दोराच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याला ब्रेक सुटावा.
४. गाठ ओली करून सावकाश आवळा.
५. सामान रोज गोड्या पाण्याने धुवा.
६. दोर हाताला गुंडाळू नका. काठी तारांपासून दूर ठेवा.

शब्दांचे अर्थ

तंगूस – नायलॉनचा एकेरी दोर
खडप – समुद्राकाठची खडकाळ जागा
पुळण – समुद्राकाठची वाळूची जागा
भांग – भरती-ओहोटी कमी असते ते दिवस
ताणकाटा – ओढून वजन दाखवणारा काटा
रत्तल – पौंड, सुमारे ४५४ ग्रॅम

प्रश्न

१. गड्याची काठी का मोडली? तीन कारणे सांगा.
२. एका दोरावर ९ किलो लिहिले आहे. ब्रेक किती किलोच्या आसपास सुटावा?
३. २० रत्तल म्हणजे सुमारे किती किलो?
४. खडपावर दोराचे शेवटचे टोक जाड का लावतात?
५. तुमच्या घरी किंवा शेजारी गरीची काठी असेल तर तिच्यावरचे आकडे वहीत उतरवून आणा. उद्या वर्गात वाचू.